‘लॅम्बेस्ट’ कुणी कुणाला करायचं: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी वाटाड्या

सांगलीतल्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागून मला जेमतेम पाच दिवस झाले होते. रात्री पावणेअकराला वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी आली. विधिमंडळात विरोधकांनी एका मंत्र्याला ‘लॅम्बेस्ट’ केलं होतं. हा शब्द मी जन्मात पाहिला नव्हता. टेबलावर कव्हर फाटलेला एक इंग्रजी-मराठी खिसाकोश पडलेला असायचा. त्यात अर्थ दिला होता: झोडपणे, बदडणे. मी बातमी केली आणि मथळा दिला, ‘सभागृहात मंत्र्यांना विरोधकांची मारहाण’.

पान सुटायच्या आधी मुख्य उपसंपादकांनी प्रूफ हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला हाक मारली. “काय रे, हात उचलला का तोंड उघडलं?”

मला प्रश्नच कळला नाही.

“आरं, मंत्र्याला खरंच हाणला असता तर ही बातमी दोन परिच्छेदांची आली असती का? मुंबईहून फोनवर फोन आले असते.” त्यांनी लाल पेनानं माझा मथळा खोडला आणि वर लिहिलं, ‘मंत्री विरोधकांच्या धारेवर’.

त्या प्रश्नावरच माझी पुढची अकरा वर्षं निघाली आहेत. इंग्रजी बातम्या मराठीत करायच्या आणि उरलेल्या वेळात विश्रामबागच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांच्या शंका सोडवायच्या, असा माझा दिवस असतो. मुलं याच शब्दावर अडखळतात. शब्द एकटा येत नाही, आपल्यासोबत रिब्यूक, सेन्शर, बिरेट, कॅस्टिगेट असं अख्खं वऱ्हाड आणतो आणि खिसाकोशात सगळ्यांपुढे एकच अर्थ असतो, ‘कठोर टीका करणे’. मी ज्या क्रमानं शिकायला हवं होतं तो क्रम खाली देतोय. मी शिकलो उलट्या क्रमानं, म्हणून वेळ गेला.

बसण्याआधी हे जवळ घ्या

- शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्डचा किंवा केंब्रिजचा, दोन्ही मोबाइलवर फुकट बघता येतात. त्यात उच्चार ऐकता येतो आणि प्रत्येक अर्थाला वाक्य असतं. आपल्याला ते वाक्यच पाहिजे असतं.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर शोधता येते. कोश जुना आहे, पण आपलाच शब्द मुळात काय होता हे बघायला त्याच्यासारखा दुसरा नाही.
- एकाच दिवसाचं एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र. शिळं चालेल, वडापाव बांधून आलेलं असलं तरी चालेल.
- दोनशे पानी वही, मधोमध रेघ मारलेली.

खिसाकोश कपाटात ठेवा. ‘परीक्षेत हमखास येणारे हजार शब्द’ असली फाइल कुणी पाठवली असेल तर तीही तूर्त उघडू नका. तिच्यात शब्दापुढे शब्द असतो, माणूस नसतो, आणि या क्रियापदाला माणसाशिवाय अर्थच नाही.

१. आधी तोंडात बसवा

स्पेलिंग आहे एल-ए-एम-बी-ए-एस-टी-ई. शेवटचा ई गाळूनही लिहितात, तेही बरोबर. मग उच्चार ‘लॅम्बॅस्ट’कडे झुकतो. भूतकाळात भांडण मिटतं, दोन्ही स्पेलिंगांचं रूप एकच होतं. आघात दुसऱ्या भागावर द्यायचा.

इथे देवनागरी आपल्याला दगा देते. ‘बेस्ट’ असं लिहिलं की डोळ्यांपुढे मुंबईची बस येते किंवा ‘बेस्ट ऑफ लक’ येतं. तो हा उच्चार नव्हे. टूथपेस्टमधला पेस्ट म्हणा, आणि प काढून ब घाला. ए लांब आहे.

दुसरी गंमत लॅमची. कोकराला इंग्रजीत लॅम म्हणतात आणि त्याच्या स्पेलिंगमधला बी मुका असतो. त्यामुळे अभ्यासिकेतला एक मुलगा महिनाभर ‘लॅमेस्ट’ म्हणत होता. इथला बी चांगला बोलका आहे आणि कोकराचा या शब्दाशी काडीचा संबंध नाही.

२. शब्दाचं मूळ गाव बघून या

हे पाच मिनिटांचं काम आहे. पण ते केलं की शब्द पाठ करावा लागत नाही.

मारण्याच्या अर्थाचे दोन शब्द शेजारी बांधून हा शब्द झालाय. ‘लॅम’ म्हणजे हाणणं. हा स्कँडिनेव्हियाकडच्या भाषांतून आलेला, लंगडा या अर्थाचा ‘लेम’ त्याच्याच भावकीतला. ‘बेस्ट’ म्हणजेही बदडणंच. आपल्याकडे ‘मारझोड’ कसा झालाय बघा: मार आणि झोड. एका शब्दानं समाधान होत नाही म्हणून दुसरा जोडला. इंग्रजांनीही नेमकं तेच केलं. १६३० च्या दशकापासून हा शब्द छापलेला सापडतो आणि पुढची दोनशे-अडीचशे वर्षं त्याचा अर्थ खराखुरा मार असाच होता. शब्दांच्या मारासाठी तो रुळला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे माझा खिसाकोश खोटं बोलत नव्हता. तो फक्त फार जुनं बोलत होता.

‘बेस्ट’चे आणखी दोन अर्थ कोशात दिसतील, त्यांना घाबरू नका. मटण भाजताना वरून तूप-तेल सोडत राहणं हा एक, आणि शिंप्यानं पक्की शिलाई मारण्याआधी कच्चे टाके घालणं हा दुसरा. दोन्ही इथे कामाचे नाहीत.

आता मराठीकडे या. शिराळ्याकडे भाताची झोडणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी वेगळं काय सांगू? पेंढी दोन्ही हातांनी धरायची, डोक्यावर न्यायची आणि फळीवर आपटायची. दाणे खाली, पेंढा हातात. याच झोडण्यातून आपलं ‘टीकेची झोड’ आलं आणि ‘भाषणात झोडपलं’ही आलं. इंग्रजीतही मळणीचा ‘थ्रेश’ आणि बदडण्याचा ‘थ्रॅश’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत. खळ्यावरून भांडणात जायचा रस्ता दोन्ही भाषांनी आपापला शोधलाय.

३. मारतंय कोण, ते विचारा

लेखाचा जीव इथे आहे. बाकीचं घाईत वाचलंत तरी चालेल, हे नको.

‘कठोर टीका करणे’ या एका गोणीत इंग्रजीनं दहा-बारा क्रियापदं ठेवली आहेत. त्यांच्यातला फरक टीका किती कडक यात थोडा आहे, आणि टीका करणाऱ्याचा अधिकार काय यात जास्त. एकच माणूस घेऊ. समजा, तासगाव तालुक्यातल्या एका गावचा ग्रामसेवक आहे आणि गावच्या नळाला नऊ दिवस पाणी नाही.

सकाळी ग्रामसभा भरते. बायका कळशा घेऊन येतात. एक म्हातारी उठून सगळ्यांदेखत विचारते, “सायेब, तुमच्या घरी आंघोळीला पाणी कुठनं येतं?” मग दुसरी उठते, मग तरणी पोरं उठतात. अर्धा तास त्याला कुणी बसू देत नाही. हे झालं लॅम्बेस्ट. चारचौघांत, उघड, जोरात, आणि खालून वर. त्या म्हातारीला कुठलंही पद नाही, आणि लॅम्बेस्ट करायला पद लागतही नाही.

दुपारी गटविकास अधिकारी त्याला बोलावून कागद हातात देतात: कामात कसूर केल्याबद्दल लेखी समज. हे झालं रेप्रिमांड. आवाज चढलेला नाही, कदाचित चहाही दिला असेल, पण सेवापुस्तकात नोंद झाली. रेप्रिमांड फक्त वरून खाली वाहतं. ग्रामसेवक अधिकाऱ्याला रेप्रिमांड करू शकत नाही. लॅम्बेस्ट मात्र तो संघटनेच्या मेळाव्यात खुशाल करू शकतो.

संध्याकाळी तो घरी येतो. बायको म्हणते, “गावाला पाणी नाही ते नाही, येताना गॅसची टाकीसुद्धा आणली नाहीत.” आणि भाकरी थापता थापता तासभर तोंडाचा पट्टा चालू. हे बिरेट. बिरेटमध्ये वेळ जातो, तेच तेच परत येतं, आणि ऐकणारा मान खाली घालून बसलेला असतो. तिनं एवढंच एक वाक्य बोलून विषय सोडला असता तर ‘टोल्ड हिम ऑफ’ पुरलं असतं.

तोच माणूस, तेच नऊ दिवस आणि तीन क्रियापदं. परीक्षेत असे पर्याय समोर आले की हा ग्रामसेवक आठवा.

उरलेली मंडळी पटापट सांगतो. चाइड हे आजीचं काम, रागावण्यात माया असते. स्कोल्ड म्हणजे रागावणं, बहुधा मोठ्यानं लहानाला. रिब्यूक तिखट पण आटोपशीर, आणि जरा औपचारिक. कॅस्टिगेट पुस्तकी आहे. लॅटिनमध्ये त्याचं मूळ ‘सुधारणं, शुद्ध करणं’ या अर्थाचं आहे, म्हणून त्यात शिक्षा करून वळणावर आणण्याचा वास येतो. एक्सकोरिएट सगळ्यांत जहाल. त्याच्या पोटात लॅटिनमधलं ‘चामडं’ बसलंय, आणि डॉक्टर लोक खाजवून सोलवटलेल्या कातडीला आजही तोच शब्द वापरतात. मराठीत आपण कुणाची सालटी काढतो ती हीच. फ्ले म्हणजेही सोलणंच, आणि भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांचा तो फार लाडका शब्द आहे.

सेन्शरला मात्र वेगळं ताट वाढावं लागेल. तो संस्थेचा शब्द आहे. सभागृह, समिती, परिषद ठराव करून नापसंती नोंदवते ते सेन्शर. आपल्याकडचा निंदा प्रस्ताव म्हणजे सेन्शर मोशन. अविश्वास ठरावाला कारण द्यावं लागत नाही, निंदा प्रस्तावाला द्यावं लागतं. आणि निंदा प्रस्ताव मंजूर झाला म्हणून सरकारला घरी जावं लागतंच असं नाही. राज्यशास्त्राच्या पेपरात आणि इंग्रजीच्या पेपरात एकाच वेळी उपयोगी पडेल असा हा एकमेव शब्द मला सापडलाय.

४. वाक्यात बसवताना ‘वर’ गाळा

साचा सोपा आहे: कोण, मग लॅम्बेस्ट, मग कुणाला, मग ‘फॉर’, मग चूक.

‘व्हिलेजर्स लॅम्बेस्टेड द ऑफिसर फॉर द वॉटर शॉर्टेज.’

आपण मराठीत ‘सरकारवर’ टीका करतो. ते ‘वर’ आपल्या हाडात भिनलेलं असल्यामुळे हात आपोआप ‘लॅम्बेस्टेड ऑन द गव्हर्नमेंट’ असं लिहितो. क्रिटिसाइजच्या बाबतीतही हीच चूक होते. मध्ये ऑन नको, टु नको, अबाउट नको. मार थेट बसतो, मध्ये गादी घालू नका.

‘फॉर’च्या पुढे नेहमी चूक, कारण किंवा कृती येते. ‘ओव्हर’ही चालतं, विशेषतः वाद चिघळलेला असेल तर. कर्मणी प्रयोगात ‘वॉज लॅम्बेस्टेड बाय’ होतं आणि बातमीत तेच जास्त दिसतं, कारण बातमीला मार खाणाराच महत्त्वाचा असतो. मार खाणारा माणूसच असला पाहिजे असं नाही. धोरण, निर्णय, अर्थसंकल्प, नाटक, कशालाही लॅम्बेस्ट करता येतं.

मथळ्यांत हा शब्द तुम्हाला कमी दिसेल. तिथे स्लॅम, ब्लास्ट, रॅप असतात. कारण साधं आहे: एका कॉलमच्या रुंदीत चार अक्षरं मावतात, आठ मावत नाहीत. मराठीत ‘फटकारले’ या शब्दाचं एवढं का चालतं, तेही त्याच कारणानं. रॅप म्हणजे मुळात टकटक, मास्तर बोटांच्या पेरांवर पट्टी मारायचे तसा फटका. न्यायालयानं सरकारला सुनावलं की इंग्रजी मथळ्यात हा हमखास येतो, किंवा ‘पुल्ड अप’ येतं.

५. कुठे वापरायचा नाही

खऱ्या मारासाठी नाही. हे मी स्वतः भोगलंय. ‘पोलीस लॅम्बेस्टेड द थीफ’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, पोलिसांनी चोराला भाषण दिलं.

हलक्या विशेषणाबरोबर नाही. ‘स्लाइटली लॅम्बेस्टेड’ म्हणजे ‘थोडीशी चामडी लोळवली’.

घरगुती रागावण्यासाठीही नाही. ‘माय मदर लॅम्बेस्टेड मी फॉर नॉट इटिंग’ हे व्याकरणात बसतं, पण ऐकणारा हसेल. अर्थात हसवायचंच असेल तर लिहा.

अर्जात, तक्रारीत स्वतःबद्दल नाही. ‘आय हिअरबाय लॅम्बेस्ट’ असं कुणी लिहीत नाही. झोडपणारा ‘मी झोडपतोय’ असं जाहीर करत नसतो. ते बघणारा सांगतो. हे क्रियापद जवळजवळ नेहमी तिसऱ्याच्या तोंडी शोभतं. विजेच्या बिलाची तक्रार करायची असेल तर ‘आय स्ट्राँगली ऑब्जेक्ट’ पुरेसं आहे.

आणि झाकून केलेल्या टीकेसाठी तर अजिबात नाही. या ठिकाणी मी आपल्याच भागातली दोन माणसं उदाहरणाला घेतो, कारण त्यांच्यामुळे मुलांना फरक लगेच कळतो.

कराडजवळच्या टेंभूत १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. आज टेंभू म्हटलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते, त्याला इलाज नाही. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढलं. त्यात मराठीबरोबर इंग्रजी मजकूरही असायचा आणि इंग्रजीची बाजू गोपाळ कृष्ण गोखले बघायचे. बालविवाह, विधवांचं केशवपन, धर्माच्या नावाखालचा हट्ट, सगळ्यांचा समाचार आगरकरांनी सरळ, नाव घेऊन, उघडपणे घेतला. चिडलेल्या लोकांनी ते जिवंत असताना त्यांची अंत्ययात्रा काढली, तरी लेखणी खाली ठेवली नाही. ‘आगरकर लॅम्बेस्टेड द ऑर्थोडॉक्स फॉर चाइल्ड मॅरेज’ हे वाक्य छातीठोकपणे लिहा.

दुसरे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, जन्म सांगलीचा, १८७२ चा. त्यांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. रंगमंचावर द्रौपदी, कीचक आणि भीम, आणि खाली बसलेल्या प्रेक्षकाला मात्र दिसायचा लॉर्ड कर्झन. सरकारला उशिरा का होईना, कळलं. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पण खाडिलकरांनी कर्झनला ‘लॅम्बेस्ट’ केलं असं म्हणता येणार नाही. नाटकात कर्झनचं नावच नाही. ते रूपक आहे, इंग्रजीत ॲलिगरी. मार बसला, पण कुणी मारला हे दाखवता येत नाही. लॅम्बेस्टमध्ये मारणारा स्वतःच दाखवतो.

६. मराठीत आणताना

आता उलटा प्रवास. इथे आपली भाषा इतकी श्रीमंत आहे की माणूस बावचळतो. माझ्या वहीच्या उजव्या रकान्यात एका ‘लॅम्बेस्ट’पुढे एकवीस मराठी प्रयोग जमलेत. सगळे सगळीकडे चालत नाहीत.

सभागृहात असेल तर धारेवर धरलं. पक्षाच्या मेळाव्यात असेल तर टीकेची झोड उठवली, किंवा आसूड ओढले. समीक्षकांनी नाटकाला धुतलं असेल तर वाभाडे काढले. वाभाडा म्हणजे कापडाची फाटकी चिंधी, आणि नाटकाच्या बाबतीत ते चित्र फार अचूक बसतं. साहेबानं बैठकीत हाताखालच्यांना घेतलं असेल तर खरडपट्टी काढली, फैलावर घेतलं. न्यायालय किंवा कॅग असेल तर ताशेरे ओढले. ताशेरे हा शब्द मी दुसऱ्या कुणाला देत नाही. सोसायटीच्या सचिवानं पार्किंगवरून ताशेरे ओढले असं लिहिणाऱ्याची मी कॉपी परत करतो.

‘बिनपाण्याने केली’ हा माझा सगळ्यांत आवडता. न्हाव्यानं पाणी न लावता वस्तरा चालवला तर कसं होईल, तसं. बोलण्यात वापरा, बातमीत जपून.

काही प्रयोग जवळचे वाटतात पण नाहीत. कानउघाडणीत समोरच्याचं भलं व्हावं ही इच्छा आहे, लॅम्बेस्टमध्ये ती असेलच असं नाही. पाणउतारा म्हणजे अपमान, तिथे चूक बाजूला राहून माणूसच निशाण्यावर येतो. शालजोडीतला देणं तर अगदी उलट टोक: जोडा शालीत गुंडाळून मारलेला, म्हणजे खाडिलकरांच्या गावचा. आणि ‘तोंडसुख घेतलं’ लिहिताना दोनदा विचार करा. त्यात टीका करणाऱ्याचीच खिल्ली आहे; याला बोलण्याची हौस होती, म्हणून बोलला, असं तुम्ही वाचकाला सांगताय. मूळ इंग्रजी वाक्यात ते नसतं. नकळत बाजू घेतली जाते ती अशा शब्दांतून.

‘हल्लाबोल’ आणि ‘घणाघाती’ मी वापरत नाही. चूक काही नाही, पण रोज वापरून त्यांची धार गेलीय. दादांनी, म्हणजे आमच्या त्या मुख्य उपसंपादकांनी, एकदा एका आठवड्याची पानं काढून दाखवली होती. घणाघात नसलेला एकही दिवस नव्हता. “रोज घण घातला तर ऐरण तरी उरंल का?” असं म्हणून ते चहाला गेले.

यंत्राकडून भाषांतर करून घेणार असाल तर एवढं जपा. ‘मंत्र्यांनी अधिकाऱ्यांची चांगलीच हजेरी घेतली’ हे वाक्य मी एकदा यंत्राला इंग्रजीत करायला दिलं, तर मंत्री हजेरीपट घेऊन नावं पुकारत बसले. उलटही होतं. इंग्रजी ‘लॅम्बेस्ट’चं प्रत्येक ठिकाणी ‘झोडपले’ होऊन येतं, आणि मराठीत झोडपण्याची आणखी दोन कामं आहेत, पावसाचं आणि क्रिकेटचं.

७. तोंडावळा सारखा, भावकी वेगळी

लॅम्पून: यालाही सुरुवातीला लॅम आहे म्हणून मुलं फसतात. हे विडंबन, खिल्ली. व्यंगचित्रकार लॅम्पून करतो. राग असेल, पण पोशाख हसण्याचा.

सेन्शर आणि सेन्सॉर: पहिला नापसंती नोंदवतो, दुसरा कात्री लावतो. दोघेही प्राचीन रोममधल्या एकाच अधिकाऱ्याचे वारस, तो लोकांची गणतीही ठेवायचा आणि वर्तनावर नजरही. आणि सेन्सर म्हणजे माणूस आल्याचं ओळखून दार उघडायला लावणारं यंत्र. उच्चार ऐकून लिहायचं असेल तर तिघांची गल्लत ठरलेली.

डिराइड: टर उडवणं. तिथे चूक दाखवायची गरज नसते.

विरुद्धार्थी विचारलं तर प्रेझ, लॉड, एक्स्टॉल, कमेंड. समानार्थीच्या पर्यायांत कॅस्टिगेट, बिरेट, सेन्शर यांपैकी एक असतोच; दोन असतील तर वाक्यात ठराव किंवा संस्था आहे का बघा. असेल तर सेन्शर.

८. आता वही काढा

रोज एक मराठी मथळा घ्यायचा, ज्यात कुणीतरी कुणाला तरी बोललंय. डाव्या रकान्यात तो चिकटवायचा, उजवीकडे इंग्रजी क्रियापद लिहायचं आणि खाली एका ओळीत कारण: कोण, कुणाला, कुठे. महिनाभरात हात बसतो. सुरुवातीला ही सहा करा. उजवीकडचं झाकून ठेवायचं, मग ताडून बघायचं.

समीक्षकांनी नव्या नाटकाचे वाभाडे काढले. — पॅन्ड. परीक्षणासाठी हा खास शब्द आहे. लॅम्बेस्टेड लिहिलंत तरी गुण द्यावेत.

मुख्याध्यापिकांनी उशिरा येणाऱ्या लिपिकाला लेखी समज दिली. — रेप्रिमांडेड. कागद आहे, अधिकार आहे.

ऊसदरावरून मेळाव्यात शेतकऱ्यांनी कारखानदारांना झोडपलं. — लॅम्बेस्टेड, आणि पुढे ओव्हर. हे उदाहरण सांगलीकराला चुकता कामा नये.

भिजत आल्याबद्दल आईनं रागावलं. — टोल्ड मी ऑफ, किंवा स्कोल्डेड.

सलामीवीरानं पहिल्या दहा षटकांत गोलंदाजांना झोडपलं. — हॅमर्ड. तोंड उघडलेलं नाही, बॅट उचलली आहे.

अवकाळीनं तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षबागांना झोडपलं. — बॅटर्ड, किंवा लॅश्ड. लॅश म्हणजे चाबूक. इथे लॅम्बेस्ट नाही. द्राक्षांनी काही चूक केलेली नाही, त्यामुळे ‘फॉर’च्या पुढे लिहायला तुमच्याकडे काहीच नाही.